चंद्रावरचे समुद्र आणि आपला काळा दगड

या सदरासाठी पत्रे येतात ती बहुतेक विद्यार्थ्यांची. या वेळचे पत्र एका वडिलांचे आहे. ते एका मोठ्या वसाहतीच्या फाटकावर रात्रपाळीला वॉचमन आहेत. वहीच्या पानावर पाठपोट लिहिलेले पत्र. ते लिहितात की, बारा वर्षे रात्रपाळी केली, त्यामुळे चंद्राशी माझी ओळख घरच्यांपेक्षा जुनी आहे. पण आठवीतल्या मुलीने परवा विचारले, "पप्पा, चंद्रावरच्या काळ्या डागांना पुस्तकात समुद्र म्हटलंय, नावं पण दिलीत. आणि खाली लिहिलंय की चंद्रावर समुद्र नाहीत. मग नाव खोटं की पुस्तक खोटं? आणि नाव खोटं असेल तर बदलत का नाहीत?" वडिलांना उत्तर देता आले नाही. "मी गप्प बसलो, त्याचे वाईट वाटले," असे त्यांनी शेवटी लिहिले आहे.

दादा, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या मुलीने विचारले ते मोठमोठ्या पंडितांना शेकडो वर्षे नीट सांगता आले नव्हते. तिचे दोन प्रश्न आहेत. पहिला वस्तूचा आणि दुसरा नावाचा. नावाची किंमत काय असते हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. म्हणून नावापासूनच सुरुवात करू.

आधी चंद्र नीट पाहू. दुर्बीण लागत नाही. पौर्णिमेच्या संध्याकाळी पूर्वेला चंद्र उगवतो तेव्हा गच्चीवर नाहीतर मैदानात जा. चंद्राच्या अगदी माथ्याजवळ एक लहानसा, सुटा, लांबट-गोल काळा ठिपका दिसेल. बाकीचे डाग एकमेकांना चिकटलेले आहेत, हा एकटाच बाजूला आहे. हे मारे क्रिसियम, म्हणजे संकटांचा समुद्र. दिसायला नखाएवढा, पण रुंदी पाचशे किलोमीटरांच्या वर. त्याच्या खाली मोठा डाग आहे तो मारे ट्रान्क्विलिटाटिस, शांततेचा समुद्र. त्याच्या डावीकडे गोलसर मारे सेरेनिटाटिस, म्हणजे निरभ्रतेचा समुद्र. मुंबईहून नागपूर सरळ रेषेत जेवढे दूर तेवढी याची रुंदी. आणखी डावीकडे मारे इम्ब्रियम, पावसाचा समुद्र. आणि खालच्या अंगाला पसरलेला, काठ नीट सांगता येत नाही असा, ओशिआनस प्रोसेलारम, वादळांचा महासागर. उत्तर-दक्षिण त्याची लांबी अडीच हजार किलोमीटरांहून जास्त आहे.

हे शब्द लॅटिन भाषेतले आहेत. लॅटिनमध्ये 'मारे' म्हणजे समुद्र. आपल्या मराठीत 'मारे' कशाला म्हणतात ते ठाऊकच आहे. अंगात नसलेला मोठेपणा कोणी मिरवू लागला की आपण म्हणतो, मारे शहाणा लागून गेला! चंद्रावरच्या समुद्रांना हा मराठी 'मारे'च अधिक शोभतो. एक थेंब पाणी नाही आणि मारे समुद्र.

आपल्या लोकांनी या डागांत समुद्र पाहिला नाही, ससा पाहिला. म्हणून चंद्राला शशी आणि शशांक ही नावे पडली. कोणाला हरीण दिसले, म्हणून मृगांक. चीन-जपानातही ससाच आहे. पौर्णिमेच्या चंद्राकडे सशाच्या अपेक्षेने पाहा, तो लगेच सापडतो. शांततेचा समुद्र हे त्याचे डोके, त्याच्या शेजारचे दोन छोटे समुद्र हे कान, आणि निरभ्रतेच्या व पावसाच्या समुद्राचे मिळून अंग. जातककथेत तर त्या सशाचे चित्र सक्काने काढले आहे, आणि तेही पर्वत पिळून त्याच्या रसाने. हे काळे डाग खरोखरच खडकाच्या वितळलेल्या रसाचे आहेत, हे पुढे येईलच. पण म्हणून प्राचीन लोकांना सगळे ठाऊक होते असा अर्थ कोणी काढू नये. कथा ही कथा असते, आणि ज्ञान पुराव्याने सिद्ध व्हावे लागते.

आता ही नावे कोणी दिली ते पाहू. १६०९ साली इटलीत गॅलिलिओने दुर्बीण चंद्राकडे वळवली आणि पुढच्याच वर्षी पुस्तक छापले. चंद्र हा गुळगुळीत दिव्य गोळा नसून तिथे पृथ्वीसारखे डोंगर आणि दऱ्या आहेत, हे त्याने त्यात सांगितले. चंद्राला दिव्य मानणाऱ्यांना ते झोंबले. एकदा डोंगर दिसले म्हटल्यावर सपाट काळ्या भागाला समुद्र म्हणणे ओघानेच आले. लांबून पाणी काळसर दिसते आणि जमीन उजळ दिसते, एवढाच त्यामागचा तर्क.

मग नकाशे काढण्याची चढाओढ लागली. १६४५ साली व्हान लांग्रेन याने चंद्राचा नकाशा छापला. तो स्पेनच्या राजाच्या पदरी होता, म्हणून सर्वांत मोठ्या काळ्या भागाला त्याने राजा फिलिपचे नाव दिले आणि बाकी जागा राजघराणी व सरदार यांच्यात वाटून टाकल्या. चंद्रावर जहागिऱ्या दिल्या म्हणा ना. जाता जाता एका विवराला स्वतःचेही नाव देऊन घेतले. गंमत पाहा, राजाचे नाव पुसले गेले आणि नकाशा काढणाऱ्याचे ते एक विवर त्याच नावाने अजून तिथे आहे.

दोनच वर्षांनी, १६४७ साली, हेवेलियस नावाच्या माणसाचा नकाशा आला. हा बिअर तयार करण्याच्या घरच्या धंद्यातला. त्याने स्वतःच्या घराच्या छपरावर दुर्बिणी बसवल्या आणि चित्रेही स्वतःच तांब्याच्या पत्र्यावर कोरली. त्याने राजांना बाजूला ठेवले आणि पृथ्वीवरच्या डोंगर-समुद्रांची नावे चंद्रावर नेली. त्यांतली आल्प्स, अपेनाइन्स अशी काही डोंगरांची नावे टिकली.

शेवटी नावे टिकली ती १६५१ च्या नकाशातली. बोलोन्या शहरातला धर्मगुरू रिच्चोली आणि त्याचा सहकारी ग्रिमाल्दी यांनी तो केला. त्या काळी समजूत अशी होती की, चंद्राच्या कलांवर पृथ्वीवरचे हवामान अवलंबून असते. म्हणून शुक्ल पक्षात जो अर्धा भाग आधी उजळतो तिकडच्या समुद्रांना त्याने चांगली नावे दिली. शांतता, निरभ्रता, सुपीकता, अमृत. कृष्ण पक्षात जो अर्धा भाग शेवटपर्यंत उजळ राहतो तिकडे पाऊस, ढग, ओल आणि वादळे. मधूनमधून लहान जागा उरल्या त्यांना तळी, उपसागर आणि दलदली केले. स्वप्नांचे तळे, झोपेची दलदल, इंद्रधनुष्याचा उपसागर. एक तर चक्क सडकी दलदल आहे. रिच्चोली धर्मगुरू असला तरी कल्पनेला कमी नव्हता.

आणखी एक गोष्ट मला त्याच्याबद्दल सांगावीशी वाटते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे १५४३ साली कोपर्निकसने मांडले. चर्चने १६१६ साली त्या विचारावर बंदी घातली आणि १६३३ साली गॅलिलिओला शिक्षा केली. रिच्चोलीने आपल्या ग्रंथात कोपर्निकसचे म्हणणे नाकारले, मात्र नकाशात कोपर्निकसच्या नावाने एक देखणे, सुमारे ९३ किलोमीटर रुंदीचे विवर ठेवले. कुठे ठेवले? वादळांच्या महासागरात! त्याची ही शिक्षा होती की मनातला छुपा आदर, यावर अभ्यासक अजून बोलतात. मला विचाराल तर, ज्याला खोटे ठरवायचे त्याला कोणी एवढी ठळक जागा देत नाही. आज गॅलिलिओच्या नावाने चंद्रावर जे विवर आहे ते मात्र जेमतेम १५-१६ किलोमीटरांचे आहे.

हे सगळे लॅटिनमध्ये का? तर ती तिथल्या विद्वानांची आणि धर्मगुरूंची भाषा. काच घासून दुर्बिणीची भिंगे तयार करणाऱ्या कारागिराला ती येत नव्हती. गॅलिलिओने पहिले पुस्तक लॅटिनमध्ये लिहिले, पण १६३२ सालचे त्याचे गाजलेले पुस्तक मुद्दाम बोलीभाषेत, इटालियनमध्ये लिहिले. चर्चचा राग त्याच पुस्तकावर झाला. आपल्याकडच्या ग्रंथांच्या भाषेचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, तो इथे उगाळत नाही. म्हणूनच मी प्रत्येक नावाचा अर्थ मराठीत देतो आहे. लॅटिन नाव पाठ झाले नाही तरी मुलांचे काही बिघडत नाही.

आता वस्तूकडे येऊ. त्या डागांत पाणी नाही, मग आहे तरी काय?

फार पूर्वी, सुमारे चारशे कोटी वर्षांमागे, अवकाशातून आलेले प्रचंड दगड चंद्रावर आदळले आणि शेकडो किलोमीटर रुंदीची खोरी पडली. त्यानंतर पुष्कळ काळाने चंद्राच्या पोटातला तापलेला, वितळलेला खडक भेगांमधून वर आला आणि त्या खोऱ्यांत भरला. हा रस आपल्याला वाटतो तसा घट्ट नव्हता, इंजिनातल्या ऑइलसारखा पातळ होता. म्हणून तो लांबवर पसरला आणि थिजल्यावर सपाट झाला. त्यात लोह जास्त असल्यामुळे तो काळा दिसतो. भोवतालचा डोंगराळ भाग वेगळ्या, फिकट खडकाचा आहे. चंद्राच्या एकूण पृष्ठभागापैकी सुमारे १६ टक्के भाग या काळ्या मैदानांनी व्यापला आहे.

'काळा' हा शब्दसुद्धा जपून वापरायला हवा. कारण आपण ज्याला चांदीसारखा शुभ्र म्हणतो तो चंद्रच मुळात काळपट आहे. त्याच्यावर पडलेल्या शंभर भाग उजेडापैकी जेमतेम बारा भाग तो परत फेकतो, आणि समुद्र म्हणतात ती मैदाने तर त्याहूनही कमी. जुन्या डांबरी रस्त्याचा रंग असतो ना, साधारण तसा. रात्रीचे आकाश त्याहून काळे, म्हणून तो रस्ता आपल्याला झगझगीत दिसतो.

त्या थिजलेल्या रसाच्या खडकाला बेसॉल्ट म्हणतात. नाव परके वाटले तरी हा दगड तुमच्या घरात असेल. पाटा-वरवंटा, उखळ, जाते, घराचा पाया, रस्त्याची खडी आणि रेल्वेच्या रुळांखालची खडी, महाराष्ट्रात हे सगळे बहुतेक बेसॉल्टचेच. आपण त्याला काळा दगड म्हणतो, काळा पाषाण म्हणतो, कातळ म्हणतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनवर याच रसाचे थरांवर थर पसरले. सह्याद्रीचे कडे त्याचेच. कार्ले-भाजे आणि अजिंठ्याची लेणी कोरली तीही याच दगडात. पाट्यावर कधी बारीक भोके दिसली तर ती मुलांना दाखवा. वितळलेल्या रसातून वायू निसटला त्याचे ते बुडबुडे आहेत. चंद्रावरून आणलेल्या काही दगडांतही तशीच भोके आहेत.

इथे मला १९७२ साल आठवते. मी तेव्हा लहान होतो. दुष्काळ पडला होता आणि माझी आई, दोन्ही मावश्या आणि वाडीतल्या सगळ्या बाया सरकारी कामावर खडी फोडायला जात. पायाच्या बोटांनी दगड धरायचा आणि हातोडीने फोडायचा. बोटांना चिंध्या बांधलेल्या. कपची उडून डोळ्यात जाईल म्हणून मान एका बाजूला वळवलेली. दुपारी सुकडी मिळायची, ती आई पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. महाराष्ट्रभर लाखो माणसे तेव्हा अशी दगडावर बसली होती.

त्याच वर्षी, त्याच डिसेंबरात, दोन माणसे चंद्रावर दगड गोळा करत होती. अपोलो १७ मोहिमेतले युजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट. निरभ्रतेच्या समुद्राच्या काठावर ११ डिसेंबर १९७२ ला ते उतरले. श्मिट हा व्यवसायाने भूशास्त्रज्ञ, दगडांचा अभ्यास करणारा. चंद्रावर पोचलेला तसा तो पहिलाच. त्यांच्याकडेही हातोडी होती. तीन दिवसांत त्यांनी सुमारे ११० किलो दगड-माती गोळा करून आणली, आणि त्यातला काळा दगड निघाला बेसॉल्ट. आमच्या आईने आयुष्यात किती ब्रास बेसॉल्ट फोडला त्याची नोंद मुकादमाच्या वहीतच राहिली. तिला आम्ही हे खूप वर्षांनी सांगितले. ती म्हणाली, "तिथं पण दगुडच हाय व्हय?" आणि तांदूळ निवडू लागली.

पहिला पुरावा त्याआधीच हाती आला होता. २० जुलै १९६९ ला अपोलो ११ शांततेच्या समुद्रात उतरले. तिथून आणलेले बेसॉल्ट ३६० ते ३९० कोटी वर्षांपूर्वीचे निघाले. पृथ्वीवर इतका जुना खडक क्वचितच सापडतो. आणि तरीही तो काल फोडल्यासारखा ताजा होता. हवा नाही, पाणी नाही, म्हणून त्याला गंज नाही आणि त्याची झीजही नाही. तेव्हा समुद्र कोरडा असल्याची साक्ष त्या समुद्रातल्या दगडानेच दिली. सगळेच दगड मात्र तितके जुने नाहीत. २०२० च्या डिसेंबरात चीनच्या चांग-ई ५ यानाने वादळांच्या महासागरातून जवळपास पावणेदोन किलो नमुने आणले. ते सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वीचे निघाले. चंद्राचे पोट इतक्या उशिरापर्यंत गरम होते हे तेव्हा कळले.

मुलीला सांगण्यासारखी मुख्य गोष्ट मला इथे दिसते. दगड तोच, पण पुढे काय झाले पाहा. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टवर पाऊस पडला, ऊन पडले, झाडाझुडपांची मुळे शिरली, आणि कोट्यवधी वर्षांत त्याची काळी जमीन झाली. विदर्भ-मराठवाड्यात कापूस पिकतो तो या कुजलेल्या दगडात. चंद्रावरच्या दगडाला आपल्यापेक्षा पन्नास पट वेळ मिळाला, पण त्याची माती झाली नाही. बारीकसारीक अशनींचा मारा खाऊन त्याचा नुसता भुगा झाला. काचेसारखा टोकदार भुगा. रिच्चोलीने ज्याला सुपीकतेचा समुद्र म्हटले, मारे फेकुंडिटाटिस, तिथे १९७० च्या सप्टेंबरात रशियाचे लुना १६ हे यान माणसाशिवाय उतरले आणि १०१ ग्रॅम माती घेऊन परतले. त्या मातीत सुपीक असे काही नव्हते.

मग त्या भुग्यात काही उगवेल का? अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली ते करून दाखवले. अपोलोच्या मोहिमांनी आणलेली माती इतकी मोलाची की, एकेका रोपाला फक्त एक ग्रॅम वाट्याला आली. मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रानवनस्पतीचे बी त्यांनी पेरले, वर पाणी आणि खत घातले. बी उगवले! पण रोपे खुरटी राहिली, आणि सर्वांत वाईट हाल झाले ते शांततेच्या समुद्रातल्या मातीत. शेतीतल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. नुसता दगडाचा चुरा म्हणजे जमीन नव्हे.

चंद्रावर पाणी अजिबातच नाही असेही नाही. २००८ साली गेलेल्या आपल्या चांद्रयान-१ वरच्या उपकरणांनी पाण्याच्या खुणा टिपल्या, आणि ध्रुवांजवळच्या कायम सावलीत असलेल्या विवरांत बर्फ असल्याचे पुढे दिसून आले. म्हणजे गंमत अशी की, समुद्र नाव आहे तिथे पाणी नाही आणि थोडेफार आहे ते खड्ड्यांच्या अंधारात. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरले ते दक्षिणेकडच्या उंच प्रदेशात. तिथली माती या काळ्या मैदानांच्या जातीची नाही, फिकट खडकाची आहे.

राहिला दुसरा प्रश्न. नाव चुकले आहे तर बदलत का नाहीत?

काही वेळा बदलतात. १९५९ च्या ऑक्टोबरात रशियाच्या लुना ३ यानाने चंद्राची पलीकडची, आपल्याला कधीच न दिसणारी बाजू पहिल्यांदा टिपली. तिकडे काळी मैदाने जवळजवळ नाहीतच, कारण तिकडचे कवच जाड आहे आणि रसाला वर यायला वाट मिळाली नाही. त्या धूसर छायाचित्रांत रशियनांना एक लांबलचक डोंगररांग दिसली. तिला सोव्हिएत पर्वत असे नाव दिले गेले. पुढे चांगली छायाचित्रे आली तेव्हा कळले की, पर्वत वगैरे काही नाही, नुसता एक उजळ पट्टा आहे. नाव काढून टाकावे लागले. तिथल्या एका काळ्या मैदानाचे मॉस्कोचा समुद्र हे नाव मात्र राहिले.

दुसरे उदाहरण उलटे आहे. चंद्राच्या काठावर मारे ओरिएन्टाले, म्हणजे पूर्व समुद्र आहे. नाव दिले तेव्हा तो पूर्वेला होता. १९६१ साली जागतिक खगोल संघटनेने चंद्राच्या नकाशावरच्या दिशा उलट केल्या, पृथ्वीच्या नकाशाशी जुळाव्यात म्हणून. तेव्हापासून पूर्व समुद्र पश्चिमेला आहे! नाव तेच.

का ठेवतात? कारण नाव हा पत्ता असतो. तीनशे-चारशे वर्षांच्या नोंदी त्या पत्त्यावर लिहिलेल्या आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर असा घोळ होता की एकाच विवराला तीन नकाशांत तीन नावे. तो घोळ निस्तरला कोणी? इंग्लंडमधल्या मेरी ब्लॅग या बाईंनी. त्या कॉलेजात गेल्या नव्हत्या. भावांची गणिताची पुस्तके वाचून त्या घरीच शिकल्या आणि खगोलाकडे वळल्या त्या प्रौढपणी, एक व्याख्यानमाला ऐकून. घरात बसून त्यांनी सगळे नकाशे ओळीने ताडून पाहिले आणि १९१३ साली एकत्र यादी छापली. १९३५ साली कार्ल म्युलर यांच्यासोबत केलेली त्यांची पक्की यादी जगाने मान्य केली. आमच्या ज्या भगिनी सांगतात की आता वय झाले, आता काय शिकायचे, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. चंद्राच्या मध्यभागी त्यांच्या नावाचे छोटे विवर आहे.

आपल्याकडचीही नावे तिथे आहेत. शांततेच्या समुद्रात आर्यभट, लाव्हारसात जवळजवळ बुडालेले विवर. निरभ्रतेच्या समुद्रात विक्रम साराभाई. आणि पलीकडच्या बाजूला मेघनाद साहा, सुमारे शंभर किलोमीटर रुंदीचे विवर. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या छोट्या दुकानदाराचा हा मुलगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीपायी त्याला अपमान सोसावा लागला. ताऱ्यांचा उजेड पाहून त्यांची उष्णता आणि घटक कसे ओळखायचे, याचे सूत्र जगाला त्याने दिले.

तेव्हा दादा, मुलीला सांगा की पुस्तक खरे आहे. नाव चुकीच्या समजुतीतून आले, ती समजूत गेली आणि नाव पत्ता म्हणून राहिले. परीक्षेत नाव लिहावे आणि त्यापुढे 'हा समुद्र नसून थिजलेल्या लाव्हारसाचे मैदान आहे' हे वाक्यही लिहावे.

आणि दोघांनी मिळून एक काम करावे. अमावास्येनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मुलीने संध्याकाळी पश्चिमेला पाहावे. कोरीच्या उजळ भागात संकटांचा समुद्र पहिल्यांदा दिसेल. पुढच्या तीन-चार संध्याकाळी शांतता आणि निरभ्रता एकेक करून उजेडात येतील. पौर्णिमेनंतर तुमची पाळी. तिसऱ्या रात्रीपर्यंत संकटांचा समुद्र अंधारात गेलेला असेल, आठव्या रात्री चंद्रच मुळी मध्यरात्री उगवेल, आणि पहाटे फाटकावरून तुम्हाला दिसतील ते पाऊस, ढग आणि वादळे. रिच्चोलीच्या वाटणीत दिवसाच्या शाळेवाल्यांना चांगले हवामान आले आणि रात्रपाळीवाल्यांना खराब. काय दिसले ते दोघांनी एकाच वहीत तारखेसह लिहून ठेवा. महिना झाला की वहीतली पाने मला पाठवा.